बूट, पागोटे आणि रेव्हरंड टिळक

माणसाने अंगावर काय ल्यावे आणि पायांत काय घालावे, हा गंभीर चर्चेचा विषय नव्हे, असे मानण्याची आपल्याकडे रीत आहे. तथापि ज्या घरात तरुण मुले आहेत, ज्या शाळेत गणवेशाचा नियम आहे आणि ज्या कचेरीत वरिष्ठांची नजर प्रथम कपड्यांवरून फिरते, तेथे ह्या प्रश्नावरून होणारे कलह पाहिले म्हणजे तो दिसतो तितका क्षुल्लक नाही, हे ध्यानात येते. मुलाच्या नव्या बुटांवर वडील रागावतात तेव्हा तो राग बुटांच्या किमतीपुरता नसतो. मुलगा आपल्यापासून दूर चालला, ह्या भयाचा त्यात मोठा अंश असतो. मुलालाही ते बूट केवळ पाय पोळू नयेत म्हणून हवे असतात असे नाही. आपण कोण, हे रस्त्यावरच्या चार लोकांनी आपल्याला न विचारता ओळखावे, अशी त्याची इच्छा असते. ती इच्छा पोरकट म्हणून हसण्यावारी नेणे सोपे आहे. परंतु ह्याच इच्छेचा अर्थ लावण्यात एका थोर मराठी कवीच्या आयुष्याची पंचवीस वर्षे गेली, आणि त्यांतील बहुतेक वर्षे त्याने नगरच्या धुळीच्या रस्त्यांवर घालवली.

हा कवी म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. मराठी वाचक त्यांना ओळखतो तो फुलामुलांचा कवी म्हणून, बालकवी ठोमऱ्यांना आपल्या घरी आश्रय देणारा वडीलधारा म्हणून आणि लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’तला लहरी, उदार, संतापी आणि तितकाच प्रेमळ नवरा म्हणून. त्यांच्या कवितेविषयी आणि धर्मांतराविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांच्या वेशाकडे मात्र चरित्रातील एक किरकोळ तपशील म्हणूनच पाहिले जाते. वस्तुतः 1895 साली धर्म बदलूनही त्यांनी पोशाख बदलला नाही, आणि 1917 साली धर्म तोच ठेवून पोशाख बदलला. ह्या दोन घटना एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या तर त्यांच्या साऱ्या आयुष्याची दिशा स्पष्ट होते.

त्या काळचे अहमदनगर कसे होते, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. आज अहिल्यानगर ह्या नावाने ओळखले जाणारे हे शहर पंधराव्या शतकाच्या अखेरीस अहमद निजामशहाने वसवले. 1803 साली वेलस्लीने येथील भुईकोट किल्ला घेतला आणि पुढे भिंगारला गोऱ्या पलटणींची छावणी पडली. 1831 च्या अखेरीस अमेरिकन मराठी मिशनचे मिशनरी येथे आले. त्यांनी शाळा काढल्या, छापखाना आणला, 1842 साली ‘ज्ञानोदय’ पत्र सुरू केले. ह्याच मिशनच्या मिस फरार ह्यांची मुलींची शाळा पाहण्यास जोतीराव फुले 1848 साली नगरला आले होते. शहराभोवतीचा मुलूख कमी पावसाचा आणि वारंवार दुष्काळाने गांजलेला. शहरात हातमागावर लुगडी विणणाऱ्या पद्मशाली समाजाची मोठी वस्ती. कापडबाजारात त्या लुगड्यांची उलाढाल. म्हणजे एका अर्थाने कापड हाच ह्या गावाचा धंदा.

अशा गावात कपडा बोलत असे. समोरून येणाऱ्या माणसाची जात, धर्म, धंदा आणि ऐपत त्याच्या डोक्यावरून व पायांवरून वाचता येई. ब्राह्मणाची पगडी वेगळी, मारवाडी सावकाराची वेगळी. कुणब्याचे मुंडासे आणि खांद्यावरची घोंगडी वेगळी. मुसलमान विणकराची इजार वेगळी. छावणीतला गोरा शिपाई रस्त्याने निघाला म्हणजे तो दिसण्यापूर्वी त्याच्या बुटांची टाच ऐकू येई. आणि ह्या सर्वांच्या मागून, कडेकडेने जाणारा महार किंवा मांग, त्याच्या पायांत बहुधा काही नसे. असले तरी खेड्यातल्या पाटलाच्या वाड्यासमोरून जाताना त्याला वहाणा काढून हातात घ्याव्या लागत. पायातली वहाण पायातच बरी, ही म्हण माणसांना लावणाऱ्या समाजाने काही माणसांच्या पायांना ती वहाणही मिळू दिली नव्हती.

ह्या रस्त्यावर ख्रिस्ती झालेल्या माणसाने कोणत्या वेशाने चालावे? बूट, पाटलोण, कोट आणि टोपी हा राज्यकर्त्यांचा पोशाख होता, आणि योगायोगाने राज्यकर्त्यांचा धर्मही ख्रिस्ती होता. ह्या दोन गोष्टींची गल्लत होणे अगदी स्वाभाविक होते. त्यासाठी मिशनने कोणता लेखी नियम करण्याची गरज नव्हती. सत्तेचा पोशाख आपोआप प्रतिष्ठेचा होतो, आणि प्रतिष्ठेचा पोशाख हळूहळू धर्माचा भाग वाटू लागतो. बाप्तिस्मा घेणारा माणूस साहेब होतो, असे हिंदू समाजाने धरून चालावे, आणि साहेबासारखे दिसल्यावाचून आपले ख्रिस्तीपण पुरे होत नाही, असे कित्येक नवख्रिस्त्यांनाही वाटावे, अशी ती स्थिती होती. टिळक नगरला आले ते ह्या स्थितीत.

त्यांचा जन्म 6 डिसेंबर 1861 रोजी कोकणातील करजगावचा. घराणे चित्पावन ब्राह्मणाचे. आई त्यांच्या लहानपणीच वारली. पुढे घर सोडून ते नाशिकला आले आणि तेथे गणेशशास्त्री लेले ह्यांच्याजवळ संस्कृत शिकले. नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मुलगी मनकर्णिका ही त्यांची पत्नी. तीच पुढे लक्ष्मीबाई झाली. ह्या मुलीचे वडील सोवळ्याच्या वेडाने पछाडलेले होते. बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू ते धुऊन घेत, आणि घरातल्या माणसांचा त्यामुळे होणारा छळ ‘स्मृतिचित्रां’च्या आरंभीच वाचावयास मिळतो. वस्त्राला विटाळ होतो आणि वस्त्राने विटाळ टळतो, ह्या समजुतीच्या टोकाशी वाढलेली ही मुलगी. तिचा हात धरणारा पुरुष असा की, त्याला कोणतीही चौकट फार दिवस मानवत नसे. टिळक कधी शिक्षक झाले, कधी पुराणिक, कधी कीर्तनकार. एखाद्या दिवशी घरी कोणालाही न सांगता ते निघून जात. नागपूरला आप्पासाहेब बुटी ह्यांच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत ग्रंथांचे काम केले, ‘ऋषी’ नावाचे मासिक चालविले. त्यांच्या डोक्यात एकच विचार घोळत होता. ह्या देशाला पुन्हा उभे करील असा धर्म कोणता?

नागपूरहून राजनांदगावला जात असताना आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाशी त्यांची गाठ पडली. त्याने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. पुढे काही काळ वाचन, विचार आणि पत्रव्यवहार झाला. मुंबईचे मिशनरी डॉ. जस्टिन ॲबट ह्यांच्याशी त्यांचा संबंध आला, आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर ते नगरला आले. डॉ. ह्यूम जेथे शिकवीत त्या मिशनच्या धर्मशास्त्राच्या विद्यालयात ते शिक्षक झाले.

धर्मांतराने त्यांचे काय काय गेले, ह्याचा हिशेब मांडणे कठीण आहे. आप्त गेले, जात गेली, आणि सुमारे पाच वर्षे पत्नी व मुलगाही दुरावले. लक्ष्मीबाईंनी ह्या काळात जे भोगले, त्याचे चित्र त्यांच्याच लेखणीतून उतरले आहे. पुढे त्या पतीजवळ राहावयास आल्या, तेव्हाही आरंभी आपला धर्म आणि आचार सांभाळूनच आल्या. मग हळूहळू, वादविवादाने नव्हे तर रोजच्या जगण्यातून, त्यांच्या मनातली स्पर्शास्पर्शाची गाठ सुटली, आणि 1900 साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. ज्या माणसाने धर्मासाठी एवढी किंमत मोजली, त्याने नव्या धर्माचा सर्व सरंजाम, पोशाखासह, उत्साहाने स्वीकारला असता तर कोणालाही नवल वाटले नसते. नव्या माणसाला जुन्यापेक्षा अधिक कडवे होण्याचा मोह पडतो, हा जगाचा अनुभव आहे.

टिळकांनी नेमके उलट केले. त्यांनी धोतर सोडले नाही, उपरणे सोडले नाही, डोक्यावरचे पागोटे उतरवून तेथे साहेबाची टोपी चढवली नाही. ख्रिस्त हा आशिया खंडात जन्मला, सुताराच्या घरी वाढला, पायी हिंडला आणि झाडाखाली, नदीकाठी बसून बोलला. त्याच्या भक्ताने मराठी माणसासारखे राहण्यात कोणता अधर्म आहे, ही त्यांची भूमिका होती. पोशाखापाशी ती थांबली नाही. मिशनच्या देवळांतून विलायती चालींवर बसवलेली भाषांतरित गीते म्हटली जात. त्यांच्या जागी टिळकांनी अभंग आणि भजने लिहिली, टाळ-मृदंग आणला, आणि स्वतः उभे राहून कीर्तन केले. ‘अभंगांजली’तले अभंग त्यांच्या ह्याच ध्यासातून आले. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या ‘उपासना संगीता’त टिळकांच्या गीतांचा वाटा मोठा आहे. 1904 साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. 1909 साली त्यांनी ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य लिहावयास घेतले. 1912 पासून अखेरपर्यंत ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन केले. ही सारी कामे मिशनच्या छत्राखाली झाली. परंतु ती करणारा माणूस रस्त्याने चालला म्हणजे परक्याला तो एखादा हरदास वाटावा, असा त्याचा वेश असे.

आज आपल्याला ह्यात विशेष धाडस दिसणार नाही. पण त्या काळी अशा माणसाला दोन्ही बाजूंचा संशय सोसावा लागे. हिंदूंच्या दृष्टीने धोतर-पागोट्यातला ख्रिस्ती हा बूट-पाटलोणीतल्या ख्रिस्त्यापेक्षा अधिक भयंकर, कारण तो ओळखू येत नाही. मिशनऱ्यांपैकी काहींना वाटावे, ह्याने जुने पूर्णपणे सोडलेले नाही. ही अडचण टिळकांच्या आधीही अनेकांनी अनुभवली होती. सतराव्या शतकाच्या आरंभी रॉबर्ट द नोबिली हा इटालियन जेझुइट मदुरेला आला. त्याने चामड्याचे जोडे टाकून लाकडी पादुका घातल्या, भगवी वस्त्रे घेतली. त्यावरून त्याच्याच धर्मबंधूंनी त्याच्याविरुद्ध तक्रारी केल्या, आणि अखेर 1623 साली पोपला निर्णय द्यावा लागला. टिळकांच्याच वर्षी, 1861 मध्ये, जन्मलेले बंगालचे ब्रह्मबांधव उपाध्याय कॅथलिक झाले, 1894 साली त्यांनी संन्याशाची भगवी वस्त्रे धारण केली, आणि ह्या वस्त्रांवरून चर्चच्या अधिकाऱ्यांशी त्यांचा खटका उडाला. कपड्याचा रंग हा वरवरचा प्रश्न असता तर त्यासाठी पोपपर्यंत जाण्याची पाळी कशाला आली असती?

येथवरचा इतिहास टिळकांच्या गौरवाचा आहे, आणि तो गौरव सर्वथा योग्य आहे. परंतु ह्या गोष्टीला दुसरी बाजू आहे, आणि ती मांडल्यावाचून हे चरित्र पुरे होत नाही. नगर जिल्ह्यात मिशनच्या मंडळ्यांत आलेले बहुसंख्य लोक ब्राह्मण नव्हते. ते महार होते, मांग होते. आपला परंपरागत वेश राखा, हा उपदेश टिळकांनी स्वतःला केला तेव्हा त्यांच्यापाशी राखण्यासारखे काही होते. धोतर होते, उपरणे होते, पागोटे होते, आणि त्या पागोट्याला रस्त्यावर मिळणारा मान होता. महाराला परंपरेने कोणता वेश दिला होता? लंगोटी, फाटके घोंगडे, हातात काठी, दुसऱ्यांनी टाकलेले जुनेर, आणि बलुत्याचा हक्क म्हणून पदरी पडणारे मृताच्या अंगावरचे वस्त्र. ह्या माणसाने आपल्या परंपरेच्या पोशाखाचा अभिमान धरावा, असे त्याला कोणत्या तोंडाने सांगावयाचे?

अशा माणसाने मिशनच्या शाळेत चार इयत्ता शिकून, शिक्षकाची किंवा प्रचारकाची नोकरी धरून, पहिल्या पगारातून बूट घेतले असतील तर ते नक्कल म्हणून घेतले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्या बुटांचा आवाज त्याच्या गावातल्या त्याच रस्त्यावर उमटत होता, जेथे त्याच्या बापाला वहाणा हातात घ्याव्या लागल्या होत्या. महारांपैकी अनेक घराण्यांनी पलटणीत नोकरी केलेली होती. लष्करी बूट त्यांच्या परिचयाचे होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सरकारने महारांची लष्करभरती बंद केली, तेव्हा ह्या समाजाच्या हातून नुसती नोकरी गेली नाही. ज्या वेशात माणूस म्हणून ताठ उभे राहता येई, तो वेशही गेला. बूट हे त्यांच्या दृष्टीने परकीय सत्तेचे चिन्ह होते त्यापेक्षा कितीतरी अधिक, स्वकीयांच्या सत्तेतून सुटल्याचे चिन्ह होते.

ह्या जाणिवेला पुढे पुरता उच्चार मिळाला तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीत. डिसेंबर 1927 मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेच्या वेळी त्यांनी स्त्रियांना निक्षून सांगितले की, अस्पृश्यतेची ओळख पटवणारी लुगडे नेसण्याची पद्धत आणि अंगभर घातलेले कथलाचे व चांदीचे दागिने टाकून द्या, स्वच्छ राहा, इतर स्त्रिया नेसतात तसे नेसा. ते स्वतः कोट, पाटलोण, नेकटाय आणि बूट अशा पोशाखात वावरले. ज्या देशात दुसऱ्या एका महापुरुषाने पंचा नेसून दरिद्री जनतेशी नाते जोडले, त्याच देशात ह्या महापुरुषाने उत्तम शिवलेला कोट घालून दरिद्री जनतेला ताठ मानेने उभे केले. एकाच्या पंचाचा गौरव करताना दुसऱ्याच्या कोटाला नावे ठेवणारे लोक दोघांनाही समजून घेत नाहीत. त्याआधी 1888 साली पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सन्मानार्थ झालेल्या समारंभात जोतीराव फुले मुद्दाम गरीब शेतकऱ्याच्या वेशात गेले होते. फुल्यांचे मुंडासे, टिळकांचे उपरणे आणि आंबेडकरांचे बूट ही वरकरणी तीन वेगळी उत्तरे आहेत. समोर कोण बसला आहे आणि त्याला काय ऐकवावयाचे आहे, ह्यावर उत्तर बदलते. आपले म्हणणे दुसऱ्याच्या तोंडून वदवू द्यावयाचे नाही, हा निर्धार मात्र तिघांचा एकच आहे.

मग टिळकांचे धोतर हे एका ब्राह्मणाला परवडणारे स्वदेशप्रेम होते काय? 1895 च्या टिळकांपाशीच थांबले तर हा आक्षेप सर्वस्वी खोडून काढता येणार नाही. परंतु टिळक तेथे थांबले नाहीत. नगर आणि राहुरीच्या वास्तव्यात दुष्काळाची वर्षे आली, प्लेगाची वर्षे आली. अनाथ मुलांनी मिशनची वसतिगृहे भरली. ह्या मुलांना उघडे ठेवावयाचे नाही आणि त्यांच्या हातांना कामही द्यावयाचे, ह्या विवंचनेतून मिशनने विणकामासारखे उद्योग हाती घेतले, डी. सी. चर्चिल नावाच्या अभियंता मिशनऱ्याने नगरला सुधारलेला हातमाग तयार केला तो ह्याच सुमारास. टिळकांच्या घराचे दार ह्या काळात कोणालाही बंद नव्हते. ज्या घराण्यांनी एकमेकांच्या सावलीचा विटाळ मानला, त्यांची मुले लक्ष्मीबाईंच्या पंक्तीला एकत्र बसली. जन्माने मिळालेला मोठेपणा अंगावरून असा एकेक धागा उसवत गेला, आणि मग 1917 साल उजाडले.

त्या वर्षी टिळकांनी मिशनची नोकरी सोडली, नगर सोडले आणि साताऱ्यास जाऊन संन्याशाचा साधा वेश घेतला. हा संन्यास पत्नी-मुलांचा त्याग करून रानात जाण्याचा नव्हता. पगाराचा, पदाचा आणि परावलंबनाचा तो त्याग होता. साताऱ्यास त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्या दरबारात ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा होती. चर्चच्या रजिस्टरात नाव नसलेल्या माणसाला बंधू म्हणणे, ही त्या काळी मोठीच क्रांती होती.

ह्या वेशबदलाचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. पागोट्याला जात असते. ते कसे बांधले, ह्यावरून ती कळते. बुटांना सत्तेचा वास असतो. संन्याशाच्या वस्त्राला आपल्या परंपरेत, निदान तत्त्वतः, जात नाही. ते घेताना ब्राह्मणालाही शेंडी आणि जानवे टाकावे लागते. म्हणजे आपल्या भूमीतला, आपल्या लोकांना ओळखीचा, आणि तरीही कोणाला खाली न लेखणारा असा पोशाख टिळक इतकी वर्षे शोधत होते, तो त्यांना आयुष्याच्या अखेरीस सापडला. पहिल्या वेशाने त्यांनी आपण परके झालो नाही, हे सांगितले. दुसऱ्या वेशाने आपण कोणापेक्षाही वरचे नाही, हे सांगितले. पहिली गोष्ट सांगण्यास धैर्य लागते. दुसरी सांगण्यास त्याहून अधिक काही लागते.

हा दरबार चालविण्यास त्यांना फार दिवस मिळाले नाहीत. प्रकृती ढासळली आणि 9 मे 1919 रोजी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांचे निधन झाले. वय अवघे सत्तावन्न. ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले. शाळेची पायरी न चढलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुरे केले. देवाचा दरबारही त्यांच्यामागे टिकला नाही. परंतु त्यांनी टाकलेले बी नगरच्याच मातीत एका अनपेक्षित ठिकाणी रुजले. जॅक विन्स्लो हे इंग्रज मिशनरी नगर जिल्ह्यात काम करीत होते. टिळकांच्या जीवनाने ते भारावले. त्यांनी 1923 साली टिळकांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले. त्याआधीच, 1922 साली, त्यांनी नगरला ‘ख्रिस्त सेवा संघ’ स्थापन केला. हिंदी आणि इंग्रज बंधूंनी एका छपराखाली, एका पंक्तीला, सारख्याच साधेपणाने राहावे, ही त्या संघाची कल्पना. ह्या संघाचे गोरे बंधू खादीची कफनी घालीत. पुढे हा संघ पुण्यास गेला, आणि 1927 साली त्याच संघात सामील होऊन हिंदुस्थानात आलेला एक तरुण इंग्रज व्हेरिअर एल्विन ह्या नावाने आदिवासींचा अभ्यासक म्हणून विख्यात झाला. एकेकाळी ज्या नगरच्या रस्त्यावर गोऱ्या शिपायाच्या बुटांचा आवाज दबदबा निर्माण करी, त्याच नगरला एका गोऱ्या माणसाने साहेबी पोशाख उतरवून ठेवला. टिळकांच्या उपरण्याचा हा विजय कोणत्याही वादविवादाने मिळाला नसता.

आता नगरच्या रस्त्यावर ते जुने वाचन चालत नाही. माळीवाड्याच्या एस.टी. स्थानकावर उतरणाऱ्या किंवा सावेडीकडे जाणाऱ्या तरुणांच्या घोळक्यात कोण पाथर्डीचा, कोण पारनेरचा, कोणाचा बाप ऊसतोडीला जातो आणि कोणाचा सावकारी करतो, हे कपड्यांवरून सांगणे कठीण झाले आहे. जीनची विजार आणि खेळाडूंचे बूट हा सर्वांचाच पोशाख झाला आहे. जुन्या पिढीला ह्यात सगळे एकसारखे, बेचव झाल्याचे दुःख होते. ते दुःख अगदीच खोटे नाही. बाजाराने ठरवलेला पोशाख घालणे म्हणजे स्वतःचा पोशाख घालणे, असा तरुणांचा समज होत असेल तर तोही तपासून घेतला पाहिजे. जाहिरातीच्या हुकमाने घेतलेले बूट आणि सत्तेच्या धाकाने घेतलेले बूट ह्यांत फार अंतर नाही. परंतु ज्यांच्या आज्यापणज्यांना गावातून अनवाणी जावे लागले, त्यांच्या नातवाच्या पायांतले बूट पाहून नाक मुरडण्यापूर्वी, ह्या सारखेपणामुळे काय पुसले गेले, हेही आठवले पाहिजे. जे पुसले गेले ते सगळेच जपण्याजोगे नव्हते.

जसा देश तसा वेश, अशी आपली म्हण आहे. ती व्यवहाराची आहे आणि प्रवासाला जाणाऱ्याला उपयोगी पडते. टिळकांच्या चरित्राने तिला एक अवघड पुरवणी जोडली आहे. देश एक असला तरी त्यात राहणाऱ्यांची जागा एक नसते, आणि म्हणून स्वतःसारखा वेश करणे ही सर्वांसाठी सारखीच गोष्ट नसते. ज्याच्यापाशी परंपरेने दिलेला मान आहे, त्याने तो परक्याच्या पायाशी ठेवू नये, हे त्याचे कर्तव्य. आणि ज्याच्यापाशी परंपरेने दिलेला केवळ अपमान आहे, त्याने तो उतरवून फेकून द्यावा, हा त्याचा हक्क. शाळेत गणवेश तपासणाऱ्या शिक्षकाने, कचेरीत नव्या उमेदवाराकडे पाहणाऱ्या अधिकाऱ्याने आणि घरात मुलाच्या बुटांवरून वाद घालणाऱ्या बापाने एवढा विवेक ठेवला तरी पुष्कळ झाले. कपडा पाहून माणसाची किंमत करण्याआधी, तो त्याने कोणाच्या धाकाने घातला आहे की स्वतःच्या मनाने, एवढे तरी विचारावे. पागोट्यालाही हाच प्रश्न विचारावा आणि बुटांनाही. टिळकांनी तो आयुष्यभर स्वतःला विचारला, आणि म्हणूनच एकदा त्यांना वेश राखता आला व एकदा टाकता आला.